नंबर लिहिलेली बदकं

परवा शनिवारी शेजारच्या काकांकडून ड्रिल मशीन मागून आणलं आणि अखेर ते चित्र भिंतीवर लावलं. दोन वर्षं कपाटामागे पडून होतं. आई साताऱ्याहून आली की दर वेळी विचारायची, "अरे, ते अमेरिकेतून आणलेलं बदकांचं चित्र लावणार आहेस की विकणार आहेस?" आता तिला काय सांगणार, की विकायचा प्रयत्न तिकडच्या लोकांचा करून झालाय! तीच आजची गोष्ट. जरा लांबण लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

२०२२ च्या उन्हाळ्यात मी ऑनसाईट होतो, मिनियापोलिसला. रूममेटला मायक्रोवेव्ह हवा होता म्हणून एका शनिवारी आम्ही 'इस्टेट सेल'ला गेलो. हा एक विचित्र प्रकार असतो. घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलं घराची दारं सताड उघडी टाकतात, चमच्यापासून पलंगापर्यंत सगळ्याला किमतीच्या चिठ्ठ्या लावतात, आणि अनोळखी लोक येऊन कपाटं उघडून बघतात. मला फार अवघडल्यासारखं झालं. रूममेट मात्र मजेत मिक्सर तपासत होता.

तळघरात उतरलो आणि थबकलोच. चारही भिंतींवर बदकं. उडणारी, उतरणारी, धुक्यातली, बर्फातली. तीस-चाळीस फ्रेमा सहज असतील. प्रत्येकीच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं चित्रकाराची सही, आणि शेजारी एक अपूर्णांक. मी हातात घेतलेल्या चित्रावर होतं २१४७/५३००. म्हणजे ५३०० प्रतींपैकी २१४७ वी. मागे चिकटवलेल्या पाकिटात प्रमाणपत्र आणि दुकानाचं १९८० च्या दशकातलं बिल होतं, १३५ डॉलरचं, फ्रेम वेगळी. पुढच्या बाजूला नवी चिठ्ठी होती, १५ डॉलर.

पैसे घ्यायला बसलेली बाई त्यांची मुलगी निघाली. म्हणाली, बाबा दर वर्षी एक तरी घ्यायचे. नातवंडांच्या कॉलेजची सोय होईल म्हणायचे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "फ्रेम चांगली आहे हं. नाही आवडलं तर आतलं चित्र बदला."

पंधरा डॉलर दिले आणि चित्र घेऊन बाहेर पडलो. घासाघीस करायचं सुचलंही नाही.

आता, मला तो कोपऱ्यातला आकडा का सोडेना हे खरं खरं सांगतो. २०२१ मध्ये मीही असाच एक आकडा विकत घेतला होता. एनएफटी! दहा हजारांच्या मालिकेतलं एक कार्टून, ३८ हजार रुपयांना. (घरी अजून माहीत नाही. आई हे वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.) तेव्हा टीममधल्या सगळ्यांना मी पटवून देत होतो की बघा, दहा हजारच आहेत, अकरावे हजारावे निघूच शकत नाही, कोडमध्येच लिहिलंय. २०२२ च्या उन्हाळ्यापर्यंत त्या ३८ हजारांत हापिसाखालच्या टपरीवरचा वडापावसुद्धा आला नसता. त्यामुळे तळघरातल्या त्या आजोबांना हसायची माझी पात्रता नव्हती. उलट त्यांची आणि माझी जुनी ओळख असल्यासारखंच वाटलं.

तर पुढचे काही वीकेंड मी या बदकांच्या मागे लागलो. आणि सुरुवात थेट ऑड्युबॉनपासून करावी लागली.

जॉन जेम्स ऑड्युबॉन. जन्म १७८५, हैतीत (तेव्हाच्या सेंट-डोमिंगमध्ये), वाढला फ्रान्समध्ये, धंद्यात बुडाला अमेरिकेत. (गुलाम बाळगणारा माणूस होता हेही सांगायलाच हवं. त्याच्या नावाच्या पक्षी-संस्थेनं नाव बदलायचं की नाही यावर बराच वाद घातला आणि २०२३ साली नाव कायम ठेवलं.) याच्या डोक्यात एक खूळ होतं: अमेरिकेतले सगळे पक्षी काढायचे, आणि तेही खऱ्या आकाराचे. टर्की टर्कीएवढी आणि फ्लेमिंगो फ्लेमिंगोएवढा. म्हणून कागद घेतला साधारण एक मीटर उंच. तरी फ्लेमिंगो मावेना, तेव्हा त्याची मान खाली वळवून पाण्यापर्यंत नेली. ते चित्र बघा, अडचणीतून वाट काढणं म्हणजे काय ते कळतं.

अमेरिकेत छापणारा मिळाला नाही म्हणून १८२६ मध्ये चित्रांची पेटी घेऊन गडी इंग्लंडला गेला. एडिंबरोमध्ये लिझार्स नावाच्या खोदकाम करणाऱ्यानं पहिली दहा चित्रं केली. तेवढ्यात त्याच्या रंगाऱ्यांनी संप केला! मग काम लंडनच्या रॉबर्ट हॅवेलकडे गेलं आणि १८३८ पर्यंत तिथेच चाललं. एकूण ४३५ चित्रं. प्रत्येक चित्र आधी तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, त्यावरून काळ्या शाईत छापायचं आणि मग प्रत्येक प्रत हातानं रंगवायची. हॅवेलकडे पन्नासेक रंगारी होते.

पैसे उभे केले भिशीसारखे. पाच-पाच चित्रांचा एक हप्ता, एक मोठं, एक मध्यम, तीन लहान, किंमत दोन गिनी. असे ८७ हप्ते. वर्गणीदार मधेच कंटाळायचे, पैसे थकवायचे, नाव काढून घ्यायचे. ऑड्युबॉनचं निम्मं आयुष्य पक्ष्यांमागे गेलं आणि निम्मं वसुलीमागे असं म्हटलं तरी चालेल. शेवटी पूर्ण संच निघाले दोनशेच्या आत. आज त्यातले साधारण १२० शिल्लक आहेत. २०१० मध्ये लंडनला एक संच ७३ लाख पौंडांना गेला, आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कला दुसरा ९६ लाख डॉलरच्या वर.

गंमत अशी की ऑड्युबॉनच्या एकाही चित्रावर नंबर नाही. 'मर्यादित आवृत्ती' काढायची त्याच्या मनातच नव्हती. हजार वर्गणीदार मिळाले असते तर त्यानं आनंदानं हजार संच छापले असते. दोनशेच्या आत राहिले कारण तेवढेच लोक पैसे देत राहिले. आणि पुढे काय झालं ऐका. ते तांब्याचे पत्रे अमेरिकेत आणले, १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या आगीत त्यातल्या बऱ्याच पत्र्यांचं नुकसान झालं, आणि ऑड्युबॉनच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेनं, ल्यूसीनं, उरलेले भंगारात काढले. कनेक्टिकटमधल्या एका कारखान्यात ते वितळवत असताना तिथल्या मॅनेजरच्या चौदा वर्षांच्या मुलाला एका पत्र्यावर पक्षी दिसला. त्यानं आरडाओरडा करून काही वाचवले. आज ऐंशीच्या आसपास पत्रे उरलेत. बाकीच्यांच्या तांब्याचं काय झालं असेल देव जाणे.

म्हणजे तिथली टंचाई खरी होती. तिच्यामागे थकलेली वर्गणी होती, आग होती, भंगार होतं. कुणी ठरवून केलेली नव्हती.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. १९३० च्या दशकातली अमेरिका: मंदी, वर्षानुवर्षांचा दुष्काळ, धुळीची वादळं. शेतीसाठी दलदली आधीच आटवलेल्या. बदकं झपाट्यानं कमी झाली. रूझवेल्टनं वन्यजीव खात्याचा प्रमुख म्हणून कुणाला नेमावं? डिंग डार्लिंग नावाच्या व्यंगचित्रकाराला. हा विरोधी पक्षाचा, रूझवेल्टवर टीका करणारा माणूस! (कल्पना करून बघा आपल्याकडे.) १९३४ मध्ये कायदा झाला की बदकाची शिकार करायची तर दर वर्षी एक डॉलरचं तिकीट घ्यायचं, आणि त्या पैशातून बदकांसाठी पाणथळ जमिनी घ्यायच्या. पहिल्या तिकिटाचं चित्र डार्लिंगनं स्वतःच काढलं, पाण्यावर उतरणारी मॅलार्डची जोडी. पहिल्याच वर्षी ६ लाख ३५ हजार तिकिटं खपली. लोक याला 'डक स्टॅम्प' म्हणतात.

सुरुवातीची काही वर्षं सरकार एखाद्या नामवंत चित्रकाराला चित्र काढायला सांगायचं. १९४९ पासून खुली स्पर्धा सुरू झाली. त्या वर्षी ६५ चित्रकारांनी ८८ चित्रं पाठवली. आणि या स्पर्धेतली मेख बघा. जिंकणाऱ्याला सरकार रोख बक्षीस देत नाही. एक पैसा नाही. मिळतो तो मंत्र्यांच्या सहीचा तिकिटांचा एक ताव. पण चित्राच्या प्रिंट काढून विकायचा हक्क चित्रकाराकडे राहतो.

सिस्टीम डिझाईन म्हणून मला हे भारी वाटलं. सरकारचा खर्च शून्य, चित्र देशातल्या उत्तमातलं, आणि चित्रकाराची कमाई बाजारावर सोडलेली. कारण तिकिटं गोळा करणाऱ्यांना तिकिटासोबत फ्रेम करायला तेच चित्र मोठ्या आकारात हवं असायचं, सहीचं आणि नंबरचं. सुरुवातीच्या अशा आवृत्त्या अगदी छोट्या असत. पुढे ज्यांना १९३४ पासूनचा सलग संच करायचा होता, ते त्या जुन्या प्रतींसाठी वाट्टेल ते मोजू लागले. इथून गाडी सुटली.

१९७० नंतर ही गाडी भरधाव झाली. फ्लोरिडातल्या मिल पॉन्ड प्रेसनं रॉजर टोरी पीटरसनसारख्यांच्या नंबर घातलेल्या प्रिंट काढायला सुरुवात केली. (पक्षी ओळखायच्या खिशातल्या पुस्तकाचा जनक तो हाच. त्याचं पहिलं पुस्तकही १९३४ चंच.) कॅनडाचा रॉबर्ट बेटमनही तिथेच. प्रत्येक राज्य स्वतःचं बदकाचं तिकीट काढू लागलं, मग माशांची तिकिटं आली, आणि प्रत्येकाची प्रिंट. डक्स अनलिमिटेड ही शिकाऱ्यांची संवर्धन संस्था १९३७ पासूनची. तिच्या जेवणावळींत निधीसाठी प्रिंटचे लिलाव व्हायचे. अनलिमिटेड बदकांसाठी लिमिटेड बदकं!

मिनेसोटा तर या धंद्याची पंढरी. तिथल्या हॉटमन बंधूंनी, म्हणजे जिम, जो आणि बॉब यांनी, ही स्पर्धा तिघांत मिळून डझनापेक्षा जास्त वेळा जिंकलीय. जो हॉटमन मूळचा भौतिकशास्त्रातला पीएचडी, मग ते सोडून बदकं काढू लागला. (हे वाचून मी माझ्या जिराकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.) कोएन बंधूंचा 'फार्गो' (१९९६) पाहिला असेल तर आठवेल, पोलीस अधिकारी मार्जचा नवरा तिकिटासाठी बदक काढत असतो आणि हॉटमन पुढे गेला म्हणून हिरमुसतो. तो विनोद नाही, तिथला स्थानिक संदर्भ आहे.

स्पर्धा जिंकली की चित्रकार लखपती नव्हे, अक्षरशः कोट्यधीश व्हायला लागला. म्हणून तिला 'मिलियन डॉलर डक' म्हणू लागले. आणि आवृत्त्या फुगल्या. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकेका आवृत्तीत वीस हजारांच्या घरात प्रती निघाल्या. कशा? तर आधी आकडा ठरवायचाच नाही. अमुक तारखेपर्यंत ऑर्डर घ्यायच्या, जेवढ्या येतील तेवढ्या छापायच्या आणि मग तो आकडा खाली लिहायचा. मर्यादा होती ती कॅलेंडरची!

इथे थोडं तांत्रिक. मोबाईलला दीडशे रुपयांची मॅक्रो लेन्स लावून मी माझं चित्र जवळून पाहिलं. गुलाबाच्या पाकळ्यांसारखे रंगीत ठिपके: निळसर, किरमिजी, पिवळा, काळा. म्हणजे ऑफसेट. मूळ चित्राचा फोटो काढून चार रंगांत फोडून छापलेलं, आपली दिवाळी कॅलेंडरं छापतात तसंच, फक्त कागद जाड आणि आम्लविरहित. तांब्याचा पत्रा प्रत्येक छापाला झिजतो, म्हणून पहिली प्रत शंभराव्या प्रतीपेक्षा खरोखर चांगली असते. तिथे आकड्याला काही अर्थ असतो. ऑफसेटला पहिली आणि पाच हजारावी प्रत सारखीच. शिवाय नंबर टाकला जातो तो सही करताना. गठ्ठ्यातला कुठला कागद आधी हाताशी आला त्यावर. माझा २१४७ हा आकडा छपाईबद्दल काहीही सांगत नाही. सांगतो एवढंच, की चित्रकाराचा हात त्या दिवशी बराच दुखला असणार.

ही कुरकूर तेव्हाही होत होती. कलासमीक्षक बेटमनसारख्यांवर तुटून पडायचे, की ही सही केलेली पोस्टरं आहेत. काही अमेरिकी राज्यांनी १९७० च्या दशकापासून कायदे केले, की किती प्रती छापल्या आणि कशा हे गिऱ्हाइकाला लेखी सांगा. माझ्या फ्रेममागचं प्रमाणपत्र त्याच रिवाजातलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. ५३०० म्हणजे ५३००. फसवणूक कुणीच केली नव्हती, आणि मला वाटतं हेच जास्त वाईट आहे. त्या आजोबांना रागवायला माणूसच नव्हता.

कोसळणं कसं झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. सगळ्यांनी विकण्यासाठी जपून ठेवलं होतं. सगळे साधारण एकाच वयाचे होते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात 'जिक्ले' हे नाव निघालं, म्हणजे इंकजेटवर उच्च प्रतीची प्रिंट, हवी तेव्हा हवी तेवढी. १९९५ मध्ये ईबे आलं आणि आपली 'दुर्मिळ' प्रत एकाच वेळी आणखी कितीजण विकायला बसलेत हे सगळ्यांना घरबसल्या दिसलं. दुकानदार सांगायचा ती किंमत आणि कुणी खरोखर देईल ती किंमत यांतला फरक तोवर कुणी बघितलाच नव्हता. मी २०२१ मध्ये तरी कुठे बघितला होता?

मग ऑक्टोबरात एक दिवस भाड्याची गाडी काढून पश्चिम मिनेसोटात गेलो. मका कापून झालेला, सपाट, कंटाळवाणा प्रदेश. मधेच रस्त्याकडेला एक छोटी पाटी आणि मागे तळं, पाणगवत, चिखल. १९५८ मध्ये डक स्टॅम्पचा कायदा सुधारून अशी लहान लहान तळीही त्या पैशातून घ्यायची मुभा दिली. पुढच्या वर्षी शेजारच्या साउथ डकोटात पहिलं घेतलं. त्यातलंच हे एक. कुंपण नाही, तिकीटखिडकी नाही, मी एकटाच. पाण्यावर मॅलार्ड होती, आणि कूटांचा थवा, म्हणजे आपल्या चांदव्याचे चुलतभाऊ. लांबून बंदुकीचा आवाज आला तेव्हा दचकलो. हो, इथे शिकारही चालते. आमच्यासारख्या वरणभातवाल्यांना हे पचायला जड जातं, पण त्या तळ्याचे पैसे बऱ्याच अंशी त्या बंदूकवाल्यांनीच भरलेत.

डक स्टॅम्पच्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट जमिनीसाठी जातात. १९३४ पासून ६० लाख एकरांच्या वर जागा यातून राखली गेलीय, आपल्या पुणे जिल्ह्याच्या साधारण दीडपट. आणि त्या तिकिटावर कुठलाही अपूर्णांक नसतो. कितीही छापतात, पोस्टात कुणालाही मिळतं, शिकारी असो वा नसो. हंगाम संपला की ते शिकारीला चालत नाही. त्यात पैसे गुंतवले असं त्या आजोबांना कधीच वाटलं नसणार, तो दर वर्षीचा खर्च. आणि पैसे टिकले ते त्याच खर्चात गेलेले. चिखलाच्या रूपानं का होईना.

परतताना एका गावातल्या पोस्टात मी पण एक घेतलं. त्या वर्षीच्या तिकिटावर जिम हॉटमनची रेडहेड बदकं होती. २५ डॉलर. म्हणजे तळघरातल्या प्रिंटपेक्षा दहा डॉलर महाग.

माझ्या चित्रात पिनटेलची जोडी आहे, लांब टोकदार शेपटीची. आपल्याकडे यांना तलवार बदक म्हणतात, हिवाळ्यात भिगवणला येतात. ती येतात आशियाच्या उत्तरेकडून, मिनेसोटाशी त्यांचा काही संबंध नाही, पण जात एकच. पहाटेचं पाणी चित्रकारानं छान काढलंय. ठिपके बिपके असू देत, मला ते आवडतं. तिकीट फ्रेमच्या काचेत खालच्या कोपऱ्यात खोचलंय, नंबर झाकला जाणार नाही अशा बेतानं.

काल आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. चष्मा लावून तिनं नीट बघितलं, आकड्याचा अर्थ विचारला, मी सांगितला.

"म्हणजे असली अजून पाच हजार आहेत?"

"हो."

"कुठे आहेत मग ती?"

तळघरांत, म्हटलं.

"आणि तुझं तिरकं लागलंय," ती म्हणाली. खरंच लागलंय. पुढच्या शनिवारी परत काकांकडे जावं लागणार.